लिंबाळीची खोली

काय काम करता असं आक्काला कुणी विचारलं, की ती म्हणायची, "अळ्या पाळते." समोरचा माणूस नाक मुरडायचा. मग ती सावकाश पुढचं सांगायची, "त्यांचीच पुढे फुलपाखरं होतात. तुम्ही तिकीट काढून बघता ना, तीच." एवढं सांगून झालं की तिला बरं वाटायचं.

शहरातल्या सार्वजनिक बागेच्या टोकाला काचेचं एक मोठं घर होतं. लोक तिथे फुलपाखरं बघायला, त्याहून जास्त फोटो काढायला येत. त्या घराच्या पाठीला, कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने, अळ्यांची खोली होती. जाळीच्या पेट्या, पाण्यात खोचलेल्या लिंबाच्या फांद्या, कोपऱ्यात एक नळ, आणि खोलीभर हिरव्या पानांचा आंबूस वास. खोलीची किल्ली आक्काच्या कमरेला असे. बागेत ती लागली होती झाडांना पाणी घालायला. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला मोठं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि कधीतरी कुणीतरी तिला या खोलीत मदतीला पाठवलं. तिथे ती जी रुजली ती रुजलीच.

लिंबाळी हे फुलपाखरू काही राजघराण्यातलं नव्हे. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके, मागच्या पंखाच्या कडेला विटकरी लाल टिकली. उष्ण मुलखात जिथे लिंबाचं झाड आहे तिथे ही असतेच. बागवाल्यांच्या तर ती डोळ्यांत खुपते, कारण तिच्या अळ्या रोपं ओरबाडून खातात. मादी झाडावर येते ती आधी पुढच्या पायांनी पान चाचपते. चव तिला पायांनी कळते. पान पसंत पडलं की कोवळ्या शेंड्यावर एकच अंडं घालते आणि दुसऱ्या पानाकडे जाते. अंड्यातून निघणारी अळी दिसते हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी. "असलं रूप मिळालंय म्हणून तर जगते," आक्का म्हणायची, "सुंदर असती तर केव्हाच कुणाच्या तरी चोचीत गेली असती." कात टाकत टाकत अळी हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. तरीही कुणी छेडलंच, तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की मुंगीसुद्धा मागे फिरते. पुढे अंगाभोवती रेशमाचा एक फेरा घेऊन ती फांदीला टेकते आणि तिचा कोष होतो, बहुधा हिरव्या फांदीवर हिरवा, वाळक्या काडीवर तपकिरी. आणि एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर थोड्याशा दिवसांच्या पंखांसाठी.

आक्काची एक पद्धत होती. अळ्यांना घालायचं पान न पान ती दोन्ही बाजूंनी उघड्या तळहाताने पुसायची. फडकं वापरा म्हणून सांगणाऱ्याला ती उडवून लावायची. "फडक्याला काय कळतंय? पानावर कोळ्याची अंडी असली तर हाताला लागतात." या तळहातावर तिचा फार विश्वास होता. जरा जास्तच होता.

खोलीतल्या कोषांतून निघणाऱ्या फुलपाखरांच्या पंखांवर बारीक खवले असतात आणि त्यांची भुकटी हवेत उडते. वर्षानुवर्षं ती आक्काच्या छातीत गेली. आधी खोकला, मग दोन पेट्या उचलल्या तरी धाप. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "हे काम सोडा. नाहीतर हा दमा तुम्हाला सोडणार नाही." आक्काने मान डोलावली, बाहेर आली आणि औषधांच्या दुकानातून बामची मोठी बाटली घेतली. आधी फक्त रात्री, घरी, छातीला बाम. खोकल्याची उबळ आली की ती नळ सोडायची, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. ती खोली गेली असती तर तिच्याकडे उरलं काय असतं? हे विचारायचं धाडस तिच्यात नव्हतं, म्हणून तिने ते स्वतःलाही विचारलं नाही.

त्याच वर्षी भाऊ गेला. साधा ताप म्हणता म्हणता दुखणं वाढलं. भावजयीने रात्रीचा दिवस करून त्याची सेवा केली, औषधाचा प्रत्येक घोट तिच्याच हातचा. आणि तो गेला त्या दिवशी, भरल्या घरात, आक्का बोलून गेली, "हिच्या हाताला यश नाही." दुःखात माणूस काहीबाही बोलतं हे खरं. पण ते वाक्य तिने पुढेही परत घेतलं नाही, हेही तितकंच खरं.

घरात आता दोघीच उरल्या. आक्काची धाप वाढली होती, बाम आता दुपारी नळाच्या कोपऱ्यातही लागायचा, पेट्या उचलवत नव्हत्या, आणि भावजयीला हाताला काहीतरी काम हवं होतं. "खोलीतलं काम वाढलंय," असं बागेच्या मॅडमना सांगून आक्काने तिला मदतीला घेतलं. भावजय फांद्या कापून आणायची, पेट्यांतली घाण काढायची, आणि पुसून ठेवायला पानं आक्काच्या पुढे करायची. बोलणं कमी, काम चोख.

आणि अळ्या मरायला लागल्या. खाणं सोडायच्या, पानावरून लोंबायच्या, काळ्या पडायच्या. पेट्यांमागून पेट्या रिकाम्या झाल्या. पुढच्या काचेच्या घरात फुलपाखरं दिसेनाशी झाली तशी तिकीट काढलेली माणसं कुरकुरायला लागली. मॅडम खोलीत आल्या. "आक्का, हे काय चाललंय?"

आक्काने क्षणभरही विचार केला नाही. "हिला इथून हलवा, मॅडम. ही आल्यापासूनच हे सुरू झालंय. माझा भाऊही हिच्याच हातून गेला."

भावजय बादली घेऊन दारातच उभी होती. तिने बादली हळूच खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि निघून गेली. मॅडमनी तिला फाटकाशी झाडलोट दिली, पण तीही महिनाअखेरपर्यंतच. जागा खोलीच्या कामाची होती. खोली नाही तर नोकरीही नाही.

अळ्या मरायच्या थांबल्या नाहीत. आक्का म्हणाली, तिचा वारा अजून गेला नाही. मग एक दिवस धापेने तिलाच अंथरुणातून उठवेना. ताप आलाय असा निरोप तिने किल्लीसोबत पाठवला. दुसरं माणूस नव्हतं, म्हणून मॅडमनी तेवढ्या दिवसांपुरतं भावजयीलाच खोलीत उभं केलं.

आक्का परत आली तेव्हा भावजय पुन्हा फाटकाशी गेली होती. पेट्यांत अळ्या टम्म फुगलेल्या, हिरव्यागार, पानं कुरतडण्यात गर्क. आक्काच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "योगायोग," ती पुटपुटली. नळापाशी जाऊन तिने सवयीने बाम लावला, एक पान घेतलं, दोन्ही बाजूंनी तळहाताने पुसलं आणि पेटीत सोडलं.

एकेक करून नारिंगी शिंगं बाहेर आली. खाणाऱ्या अळ्या खायच्या थांबल्या, मागे सरकल्या. आक्काने दुसरं पान चिमट्याने उचलून न पुसताच आत ठेवलं. जराशाने एक अळी त्याच्यावर चढली आणि कडेपासून खाऊ लागली.

आक्काने तळहात नाकाशी नेला. बामाचा उग्र वास आला. ती स्टुलावर बसून राहिली. हात धुऊन गप्प राहणं तिला सहज जमलं असतं. खोली तिची राहिली असती, महिनाअखेरीला भावजय आपोआप गेली असती, आणि अळ्या काही बोलल्या नसत्या. हा विचार तिच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. आला, आणि बराच वेळ थांबला.

मग ती उठून मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "अळ्या माझ्या हाताने मेल्या. बाम होता हाताला. मला दमा आहे, डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलंय. लपवलं मी."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आक्का, मग तुम्हाला त्या खोलीत ठेवता येणार नाही मला."

"ते माहीत असूनच आले." तिने कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. गाठ सुटायला वेळ लागला. "ही तिला द्या. तिने पेट्या सांभाळल्यात, बघून या."

भावजय फाटकाशी पाला गोळा करत होती. आक्काने सगळं तिला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्दही न गाळता. भावजय झाडू धरून ऐकत होती.

"बामाचा वास मला रोज यायचा, वन्सं," ती शेवटी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुमच्या हाताने काही वाईट होईल असं मनातच आलं नाही. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी आहे. म्हणून तुम्ही नव्हता तेव्हा मी एकाही अळीला बोट लावलं नाही. ओल्या फडक्याने पानं पुसली, चिमट्याने ठेवली. भीती वाटायची." मग खाली बघत, अगदी हळू म्हणाली, "वन्सं, मग ह्यांचंही... माझ्यामुळे नव्हतं ना?"

येणारी-जाणारी माणसं बघत होती. आक्काने तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

"नाही गं. तुझ्यामुळेच तर तो तेवढे दिवस राहिला. मी रोज बघत होते. बघत होते, आणि तरी तसं बोलले."

भावजय तिथेच फाटकाशी खाली बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली. तिचं रडणं संपेपर्यंत आक्का शेजारी बसून होती.