सासूबाई, मासेमार घार आणि बादलीतला मासा

आमच्या टाउनशिपमध्ये दिवाळी संपली की कारखान्यातल्या लोकांचं बॅडमिंटन सुरू व्हायचं आणि मागच्या तळ्यावर परदेशी बदकं उतरायला लागायची. नवऱ्याला बॅडमिंटनचा नाद लागला असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. त्याला बदकांचा लागला.

त्यानं जवाहर चौकातून एक जुनी दुर्बीण आणली. तिची डावी बाजू धुरकट होती, म्हणून तो डावा डोळा मिटून नुसत्या उजव्यानं पाहायचा. गच्चीवर तसा उभा राहिला की समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंना वाटायचं, हा माणूस आपल्याला डोळा मारतोय. शेवटी मीच जाऊन सांगितलं, "भाभीजी, गलत मत समझिए, वो तो बत्तख देखते हैं."

"बत्तख किसको बोला?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं ते संक्रांतीपर्यंत.

त्याच सुमारास सासूबाई नागपूरहून आल्या. दोन आठवडे राहायचं म्हणून आल्या होत्या. गुडघे कुरकुरत होते, पण आवाज खणखणीत.

"काय गं, हा सकाळपासून काय पाहून राहिला?"

"पक्षी, आई."

"मग नागपुरात काय पक्षी नव्हते? तिथं तर कधी मान वर केली नाही यानं."

एका सकाळी नवरा गच्चीवरून धावत खाली आला. चेहरा असा की कारखान्यात बढती मिळाली असावी. "आई, हळू बोल, ती आलीय," तो कुजबुजला. आम्ही त्याच्यामागून वर गेलो. गच्चीला लागून बंद पडलेल्या विजेच्या लाइनचा एक उंच खांब होता. त्यावर मोठी थोरली घार बसली होती. पोट पांढरं, डोळ्यांवर काळी पट्टी आणि पंजात मासा. पुस्तकात तिला कैकर म्हणतात, आम्ही मासेमार घार म्हणायचो. दर हिवाळ्यात उत्तरेकडून येते, नुसते मासे खाते, असं नवऱ्यानं सांगितलं.

सासूबाईंनी वर पाहिलं, मग खाली. खांबाच्या बरोबर खाली, गच्चीवर, त्यांनी नागपूरहून आणलेली तुळस होती, आणि तुळशीत माशाची शेपटी.

"हाकल तिला!"

"आई, हजारो मैल उडून आलीय ती. पाहुणी आहे आपली."

"पाहुण्यानं तुळशीत मासा टाकायचा? असले पाहुणे तुझ्या सासरचे!"

माझं माहेर इंदूरचं, आणि आमच्याकडे लसूण आणायचा तरी आधी चर्चा व्हायची. मी शेपटी उचलायला सुपली आणली.

घार रोज यायला लागली. बातमी फुटली आणि नवऱ्याचे दोस्त शिफ्ट सुटल्यावर गच्चीवर जमू लागले. सगळे कुजबुजत बोलायचे, आणि मी सगळ्यांना चहा करायची. सासूबाईंनी तुळस जिन्यात हलवली आणि मासे पडायच्या जागी धुण्याची रिकामी बादली ठेवली. "निदान फरशी तरी खराब होणार नाही," म्हणाल्या. गच्चीवरचा नळ ठिबकून ती बादली अर्धी कधी भरली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी घार नुकताच धरलेला मासा घेऊन आली. तेवढ्यात कावळे तिच्या मागे लागले. तिनं पंख फडफडवले, पंजा ढिला पडला आणि मासा थेट बादलीत. धप्पकन आवाज झाला. आम्ही डोकावलो, तर मासा जिवंत! गोल गोल पोहत होता.

सासूबाईंनी आयुष्यभर माशाच्या बाजारावरून जायचं झालं तरी पदर नाकाला लावला होता. त्या बादलीजवळ वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"कसा पाहून राहिला माझ्याकडे," त्या म्हणाल्या. आणि एकदम, "स्कूटर काढ."

"कशाला?"

"देवानं माझ्या बादलीत टाकला तो. तळ्यात सोडायचा."

"आई, तो त्या घारीचा नाश्ता आहे."

"दुसरा शोधेल. काढ स्कूटर."

नवऱ्यानं स्कूटर काढली. मागे सासूबाई, मांडीवर बादली, बादलीवर माझा स्टीलचा पोळपाट झाकण म्हणून. मी सायकलवर मागून. स्पीड ब्रेकरवर पाणी उडालं की सासूबाई ओरडायच्या, "हळू! त्याला गरगरेल!" वाटेत कारखान्याचे मोठे साहेब फिरायला निघालेले भेटले. नवऱ्यानं सवयीनं स्कूटर थांबवून नमस्कार केला. साहेबांनी बादलीकडे पाहिलं.

"माताजी, इसमें क्या है?"

"पेशंट," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी अदबीनं रस्ता दिला.

तळ्याच्या काठावर सासूबाई गुडघ्यांची कुरकुर विसरून चिखलात उतरल्या. हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या आणि बादली हळूच कलती केली. मासा क्षणभर तिथंच थांबला, मग शेपटी हलवून पुढं सरकला. "पाहिलंस? निरोप घेतला त्यानं," सासूबाईंचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात वरून काहीतरी दगडासारखं कोसळलं. पाणी उसळलं, आम्ही तिघं चिंब, आणि घार मासा घेऊन वर.

सासूबाईंनी पोळपाट भिरकावला. तो घारीला लागणं शक्यच नव्हतं, तो तळ्यात बुडाला. पलीकडची सगळी बदकं एकदम उडाली. नवरा बिचारा आनंदानं ओरडला, "काय झेप! इतक्या जवळून!" आणि मग आईचं तोंड पाहून म्हणाला, "तो दुसरा मासा असेल गं."

"मी ओळखते त्याला!"

परतताना त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दुपारी जेवल्याही नाहीत. पोळ्या मी ओट्यावर लाटल्या. संध्याकाळी मात्र गच्चीवर गेल्या, दुर्बीण हिसकावली, एक डोळा मिटला आणि खांबाकडे रोखून पाहत बसल्या.

"परतीचं तिकीट रद्द कर माझं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"का गं?"

"ही भवानी जाते कधी?"

"होळीच्या आसपास."

"मग मीही तेव्हाच. हिच्यावर नजर ठेवायला घरात कुणीतरी नको का?"

तो सगळा हिवाळा सासूबाई आमच्याकडे राहिल्या. घार तळ्यावर घिरट्या घालायला लागली की त्या कठड्यावरून थाळी वाजवून माशांना सावध करायच्या. घारीला काही फरक पडला नाही. ती जरा जाडच झाली, असं नवऱ्याचं म्हणणं. आणि समोरच्या भाभीजींच्या गावाकडे मूल जन्मलं की थाळी वाजवतात. तो आवाज ऐकून त्या संक्रांतीला आपणहून आल्या, घरात कुणाला बाळ झालं का, हे विचारायला.