दुबार नाव

नव्वदीच्या दशकात मी सांगलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर चालवायची. अख्ख्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर, माझा तोरा काय सांगू! कारखान्यानं समाजकार्य म्हणून औंधकडच्या एका संस्थेबरोबर मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनांचं शिबिर ठरवलं. संस्थेनं गावोगावची नावं कागदावर लिहून धाडायची, मी यादी करायची आणि यादीबरहुकूम साहेब मुंबईहून डोळ्यांत बसवायची भिंगं मागवणार.

एका गावात एक नाव दोनदा आलेलं दिसलं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वय साठ, सगळं तेच. ‘ह्यांना साधी यादी करता येत नाही,’ म्हणत मी एक ओळ उडवली. साहेबांनी शाबासकीही दिली.

शिबिराच्या सकाळी मी ते नाव पुकारलं. दारात दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. दोघीही “व्हय” म्हणाल्या.

अगं बाई, हे मी काय केलं!

चुलत जावा होत्या त्या. दोघींच्या नवऱ्यांना एकाच आजोबांचं नाव, दोघींना औंधच्या देवीचं. वय तर कार्यकर्त्यानं अंदाजानंच टाकलेलं. माझ्या माहेरीही दोन चुलतभावांना आजोबांचंच नाव आहे, तरी मला सुचू नये? कॉम्प्युटरपुढं बसून मी अक्कल गहाण टाकली होती.

त्या नावावर भिंग एकच आलेलं. मी साहेबांकडं धावले. ते म्हणाले, “यादीत एकच नाव आहे ना?” यादी जणू आभाळातून पडली होती!

थोरलीनं धाकटीला पुढं ढकललं. “हिचं करा. मला उजव्यानं जरा दिसतंय. मी फुडच्या खेपंला यीन.”

पुढच्या वर्षी मी हट्टानं डॉक्टरांबरोबर स्वतः गावात गेले. थोरली उंबऱ्यात बसली होती. डॉक्टरांनी तिचे दोन्ही डोळे तपासले आणि मला बाजूला घेतलं. मोतीबिंदू फार पिकून डोळ्यांतला दाब वाढला होता आणि दोन्हीकडची नस गेली होती. आता ऑपरेशन करून काही उपयोग नव्हता.

तिनं चाचपडत माझा हात धरला. “पोरी, औंदा माझं नाव लिवलंस न्हवं?”

कागद माझ्या हातात होता. मी तिचं नाव लिहिलं.