शेलार सरांची सही

आमच्या ग्रीकच्या वर्गातले दोघं भेटले की किस्से सुरू होतात, तिसरा आला की चहा निवतो! नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलला आमच्या चर्चमागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी निवृत्त हेडमास्तर शेलार सर आम्हा पाच जणांना बायबलमधल्या नव्या कराराचं ग्रीक शिकवायचे. सर्वांत लहान मी.

*

वर्ग एका क्रियापदावर अडला.

"गिनोस्को म्हणजे जाणणं. एपिगिनोस्को म्हणजे पुरतं ओळखणं. आपल्याला फार तर पहिलं जमतं," सर म्हणायचे. तीन महिने हेच! वर्गातल्या एस्तेरमावशी वैतागल्या. "सर, बाकीचं ग्रीक काय पुढच्या जन्मी?"

"ख्रिस्ती माणसाला पुढचा जन्म नसतो, एस्तेरबाई. म्हणून तर नीट शिकायचं!"

*

सॉलोमनकाका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. बँकेतली नोकरी सांभाळून ते वर्गाला खास वाद घालायला यायचे.

"सर, आमच्या हिब्रूत आदामानं हव्वेला ओळखलं आणि पोरगा झाला! तुमच्या ग्रीकमध्ये नुसत्या वह्या भरतात."

एस्तेरमावशी घाईघाईनं चहा टाकायला उठल्या.

*

मला नोकरी लागली. बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची सही हवी होती. फॉर्मवर छापलेलं, 'मी अर्जदारास ओळखतो.' सरांनी 'ओळखतो' खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दर गुरुवारी पाहतो.'

फॉर्म परत आला. मी रडायच्या बेतात! "खोटं कसं लिहू, बाळ?" सर म्हणाले. शेवटी सॉलोमनकाकांनी सही केली.

*

एकदा एक गृहस्थ स्थळाची चौकशी करायला सरांच्या घरी आले. "मुलगा तुमच्या चांगल्या ओळखीतला ना?"

"चाळीस वर्षं संसार केला, मला बायकोबद्दलही खात्रीनं सांगता येत नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "मला विचारा, मी यांच्याबद्दल सांगते!"

*

आणि हिराबाई. वाडीवरची कातकरीण, आमचं चर्च झाडायची. तिला रेशनकार्ड हवं होतं. कागद एकही नाही, म्हणून दोनदा परत पाठवलेली. आता एका प्रतिष्ठित माणसानं ओळख पटवून सही केली तरच काम होणार होतं, आणि अर्ज घ्यायचा तो शेवटचा दिवस. पाद्रीसाहेब गावाला गेलेले. राहिले सर!

मी मुद्दाम सोबत गेले. वाटेत दोनदा सांगितलं, "सर, आज ग्रीक नको."

रेशनच्या कचेरीत क्लार्कनं फॉर्म पुढे सरकवला. "सर, ओळखता ना हिला?"

सरांनी पेन उघडलं आणि थांबले. हिराबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग सर खिसे चाचपायला लागले.

हिराबाईनं पदराची गाठ सोडली आणि सरांचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "बाकावं इसरले तुमी. रोजचंच हाय."

सरांनी चष्मा लावला. 'ओळखतो' ही छापलेली ओळ वाचली. काही न खोडता खाली सही केली.

"म्हणजे ओळखता," क्लार्क शिक्का उचलत म्हणाला.

"ती मला ओळखते," सर म्हणाले.