गाठीला सुई

ताईच्या गळ्यावर डाव्या बाजूला गाठ आली, त्याच सुमारास मी वृत्तपत्राच्या विज्ञान पानासाठी माणसाच्या डीएनएवर मजकूर लिहिला होता. चिंपांझी आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या झाल्यावर आपल्या डीएनएत काही नवे तुकडे घुसले. त्यांतले काही शेजारच्या जनुकाचे काम वाढवतात, काही कमी करतात. प्रयोगशाळेत पेशींमधून असा एखादा तुकडा काढून टाकला, तर कधीकधी पेशींच्या वाढीचा वेगही बदलतो. वाचकांना समजावे म्हणून मी त्यांना ‘बटण’ म्हटले. डेस्कवर तो शब्द सगळ्यांना आवडला.

ताई तपासणीसाठी विंचूरहून आमच्याकडे इंदिरानगरला आली. सोबत तिच्या सासूबाई होत्या. डॉक्टरांनी गाठ चाचपली. “बहुधा साधीच असेल. उद्या सुईने थोड्या पेशी काढून तपासू,” म्हणाले. बातमीत ‘बहुधा’ आले की आम्ही ते वाक्य खाली ढकलतो. इथे ढकलायला जागा नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंनी विषय काढला. “गाठीला सुई लावायची नाय, भाऊ. पिसाळते. आमच्या गल्लीतली एक बाई अशीच गेली.”

ताईचा हात गाठीवर गेला. पेशी का वाढतात हे कळले तर तिला धीर येईल, असे मला वाटले. मी छापून आलेला मजकूर वाचून दाखवला.

“म्हंजी हे बटण माझ्यातबी हाय?” ताईने विचारले.

“सगळ्यांत आहे. अशी पुष्कळ आहेत.”

“आन् सुई नेमकी त्याच्यावरच बसली तर?”

सुईने तसे काही होत नाही, बटण ही फक्त समजवायची रीत आहे, असे मी सांगितले.

“मग लिहिलं कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “पेपरात आलंय म्हंजी खरंच आसंल. मी काय येगळं सांगत व्हते?”

सकाळी ताईने पिशवी भरली होती. गाठ तशीच घेऊन ती विंचूरला परत जाणार, हे दिसत होते. मी एवढेच म्हणालो, “आणि हात न लावताच वाढत राहिली तर?”

ती चपला घालता घालता थांबली. मग सासूबाईंकडे वळली.

“आत्याबाई, लिलावात व्यापारी आपला कांदा कापून बघतो, तवा नाय म्हणतो का आपण?”

“कांद्याला काय कळतंय?”

“नाय कळत. पण कापल्याबिगर आतलं कोन सांगनार?”

सासूबाईंनीही चपला घातल्या. दवाखान्यात सुई बाहेर येईपर्यंत त्यांनी ताईचा हात सोडला नाही.

निकालाला काही दिवस लागणार होते. त्या संध्याकाळी ताई माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने गळ्यावरचा पदर बाजूला केला.

“बघ रे, वाढली का?”

मी बोट ठेवले. त्याआधी मी गाठीला कधी हात लावला नव्हता. सकाळी ती केवढी होती, हे मला सांगता येणे शक्य नव्हते. सासूबाई दारात उभ्या होत्या.

“नाही वाढली,” मी म्हणालो.

बोटाखाली काहीतरी उडत होते. ती तिची नाडी असावी.