घारबाईंची पाळत

घारबाईंचं खरं नाव दुकानात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही पाठीमागे घारबाईच म्हणत. दुकान भलंमोठं होतं. त्याच्या जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली, खोलीत भिंतभर पडदे आणि पडद्यांसमोर खुर्चीत घारबाई. कोण काय उचलतो, कोण काय परत ठेवतो आणि कोण परत ठेवल्यासारखं करून पिशवीत सारतो, हे बघण्याचा त्यांना पगार मिळे.

त्यांचा एक ठोकताळा होता. खरं गिऱ्हाईक वस्तूकडे बघतं आणि चोर आधी माणसांकडे बघतो. हात पुढे जायच्या आधी मान एकदा वळतेच, माणूस कितीही मुरलेला असो. ज्या साहेबांनी त्यांना हे काम शिकवलं ते आणखीही एक गोष्ट सांगत, "पाळत ठेवा, पण कळू देऊ नका. कळली की साधा माणूससुद्धा चोरासारखा वागायला लागतो, आणि मग आपल्यालाच काही उमगत नाही." यातली मानेची गोष्ट घारबाईंनी गाठीशी बांधली. दुसरी त्यांनी नुसती ऐकली.

ही नजर संध्याकाळी दुकानातच खुंटीला अडकवून घरी येता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण ती बरोबर यायची. शेजारीण हसून बोलली की हिला काय हवं असेल? भाजीवाल्याने आपणहून चार मिरच्या जास्त टाकल्या की नक्की वजनात मारलं. नवरा बस चालवायचा. तो एखाद्या दिवशी शीळ घालत घरी आला, तर बाई जेवण होईपर्यंत त्याचं कारण शोधत राहायच्या. नवरा गरीब स्वभावाचा होता. वाहतुकीत मुरलेला असल्यामुळे त्याला मागून वाजणाऱ्या भोंग्यांची सवय होती.

खरी पंचाईत लेकीची होती. पंधरा वर्षांची ही पोर लहानपणापासून सतत काहीतरी पुटपुटायची, म्हणून बाप तिला भुंगा म्हणे. लांबलेल्या आजारपणात तिच्या शाळेचं जवळजवळ अख्खं वर्ष वाया गेलं. जुनी शाळा म्हणाली, एक इयत्ता मागे बसवा. भुंग्याने त्या दिवशी जेवणाचं ताट सरकवून दिलं. मग बापाने कुठूनसं ऑनलाइन शाळेचं काढलं. घरी बसून शिकायचं आणि वर्षअखेर परीक्षा द्यायची. पास झाली तर स्वतःच्या वयाच्या पोरांबरोबर पुढे, नाही तर जुन्या शाळेत लहानग्यांच्या बाकावर.

"घरात बसून, दार लावून, कॉम्प्युटरसमोर?" घारबाई म्हणाल्या. "अहो, मी दिवसभर पडद्यावर माणसं बघते. पडद्यावर सगळी शहाण्यासारखीच दिसतात."

"अगं, एकदा करून तर बघूया," नवरा म्हणाला.

"बघणार तर मी आहेच."

आणि त्या बघू लागल्या. आधी कानावर आलं ते कुजबुजणं. वर्ग संपलेला, दार लोटलेलं, आणि आतून भुंग्याचा आवाज, कोणाला तरी काहीतरी समजावून सांगितल्यासारखा. मध्येच थांबायचा, मग "नाही नाही, असं नाही," आणि पुन्हा सुरू. घारबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पंधराव्या वर्षी दार लोटून कोणाशी बोलतात, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्यांनी धाडकन दार उघडलं. समोर मिटलेलं पुस्तक, एक रिकामी खुर्ची आणि खुर्चीकडे तोंड करून बसलेली लेक.

"कोणाशी बोलत होतीस?"

"खुर्चीशी. मॅडमनी सांगितलंय, धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि कोणालातरी शिकवायचं. जिथे अडतं तिथलं आपल्याला आलेलं नाही."

बाईंनी खुर्ची उचलून बघितली. खाली फोन नव्हता.

मग भिंतीवर आठवड्याचा तक्ता आला. कोणत्या वारी काय करायचं ते भुंगा स्वतः लिहायची, आणि न झालेल्या कामापुढे लाल शाईने 'जमलं नाही' असंही स्वतःच लिहायची. स्वतःच्या चुका स्वतःच्या हाताने भिंतीवर डकवणारा माणूस घारबाईंनी दुकानात कधी पाहिला नव्हता. एवढं उघड करतेय म्हणजे त्यामागे काहीतरी मोठं झाकतेय, असा त्यांनी अर्थ काढला. मार्क वाढत होते. त्याने तर संशय आणखीच बळावला.

शाळेचा आणखी एक नेम होता. रविवारी घरातल्या एकाने अर्धा तास पोरीसमोर बसायचं. तिने आठवडाभर काय केलं, काय राहिलं आणि का राहिलं ते सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने शेवटी एकच विचारायचं, 'पुढच्या आठवड्यात काय बदलशील?' पहिल्या रविवारी घारबाई बसल्या. गणित राहिलं, असं भुंगा म्हणाली मात्र, बाईंनी तिला फैलावर घेतलं. का राहिलं? मंगळवारी संध्याकाळी काय करत होतीस? मग दिवा का चालू होता? अर्ध्या तासाची उलटतपासणी झाली आणि पोरीचा आवाज बारीक होत होत बंद पडला. पुढच्या रविवारपासून बाप डेपोतून, गाडीचा नंबर लागेपर्यंत, फोनवर ऐकायला लागला. तो अडाण्यासारखे प्रश्न विचारायचा आणि दोघं खिदळायची. बाप-लेकीचं हे गूळपीठ घारबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. त्यांना वाईट वाटायचं. पण वाईट वाटतंय हे कबूल करण्यापेक्षा, दोघं मिळून आपल्याला फसवताहेत असं मानणं त्यांना सोपं जायचं.

परीक्षेचा दिवस आला. कॅमेरा सुरू, दार बंद, खोलीत दुसरं कोणी नको, असं शाळेने बजावलं होतं. त्या दिवशी बाप ड्यूटीवर होता आणि घारबाईंना सुट्टी. खोलीच्या दाराची कडी ढिली होती. लावलं तरी बोटभर फट राहायची. आणि घारबाई काही खोलीत नव्हत्या. त्या दाराबाहेरच्या बोळात होत्या. अधूनमधून पायांचा आवाज न करता यायच्या, फटीला डोळा लावायच्या, पोरीचं वाकलेलं डोकं बघायच्या आणि मागे सरायच्या. इतक्या वर्षांच्या सरावाने, आपण कोणाला कळत नाही याची त्यांना खात्रीच होती.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज मऊ होता, पण बोलणं मऊ नव्हतं. परीक्षेत मुलगी पुन्हा पुन्हा डावीकडे बघताना दिसते. आम्ही रेकॉर्डिंग पाठवतोय. घरच्यांनी बघावं, मुलीशी बोलावं आणि परवा आम्हाला भेटावं. समाधान झालं नाही तर परीक्षा रद्द करावी लागेल.

घारबाईंनी फोनवर रेकॉर्डिंग बघितलं. पोर लिहितेय, लिहितेय, आणि मान वळते. पुन्हा लिहितेय आणि पुन्हा मान वळते. अशी मान दुकानात दिसली असती तर त्यांनी एव्हाना गार्डला पाठवलं असतं.

"चोरी आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. एरवी असं म्हणताना त्यांना थोडा अभिमान वाटे. आज वाटला नाही.

"तिला विचार तरी."

त्यांनी विचारलं. "कोणाकडे बघत होतीस?"

भुंग्याने आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. "कोणाकडे नाही."

"काय होतं डावीकडे?"

"काही नाही."

'काही नाही' हे उत्तर घारबाईंनी आयुष्यात कोणाचं खरं मानलं नव्हतं. त्या खनपटीला बसल्या, ओरडल्या, गोड बोलल्या. पोरीने ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी कॉपी केली नाही आई. तुला जे मानायचं ते मान." आणि आत गेली. त्या संध्याकाळी आतून पुटपुटणं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घारबाईंनी दुकानातल्या मोठ्या पडद्यावर रेकॉर्डिंग लावलं. दारावरचा म्हातारा गार्ड डबा खायला त्याच खोलीत येत असे. तोही बघत होता. आपलीच पोर पडद्यावर चौकटीत बसलेली बघणं बाईंना सोसत नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्याकडे न बघता आजूबाजूला बघायला सुरुवात केली. कपाट. टेबलाची कड. मागची भिंत.

मागच्या भिंतीवर उजेडाची एक उभी रेघ होती. बोळातल्या खिडकीचा उजेड दाराच्या फटीतून आत येत होता. पोर खाली मान घालून लिहीत होती. रेघ विझली. थोड्या वेळाने परत उमटली, आणि लगेच पोरीची मान दाराकडे वळली. घारबाईंनी मागे नेऊन पुन्हा बघितलं. पुढे नेऊन बघितलं. दर वेळी तेच. रेघ विझते, उमटते, मान वळते.

"सापडलं," त्या म्हणाल्या. आवाजात जुनी धार परत आली होती. "दाराबाहेर कोणीतरी येतंय. हे बघा. येतो, थांबतो, जातो."

गार्डने घास गिळला. "साथीदारच आहे, ताई. घरात कोण होतं त्या वेळी?"

घारबाई आठवू लागल्या. कोण होतं? बाप बसवर. शेजारीण गावाला. पडद्यावर रेघ पुन्हा विझली, आणि ती नेमकी कोणाच्या अंगाने विझत होती ते त्यांना कळलं. आपण कोणाला दिसत नाही असं समजणाऱ्या त्या बाईला पोरीने दर खेपेला ओळखलं होतं. घारबाईंना खूप लाज वाटली. इतकी, की गार्ड काय म्हणतोय ते त्यांना ऐकू आलं नाही.

संध्याकाळी त्या लेकीसमोर, त्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. "दारामागे मी होते."

"माहितीये."

"मग सांगितलं का नाहीस?"

भुंगा पेनाचं टोपण काढत घालत राहिली. "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, स्वतःचं माझ्यावर ढकलतेय."

यावर 'छे, असं कसं म्हणाले असते' हे वाक्य घारबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण ते खोटं होतं, आणि समोर बसलेल्या पोरीलाही ते खोटं असल्याचं कळलं असतं. त्यांनी ते गिळलं.

भेटीच्या दिवशी मॅडमसमोर त्याही कॅमेऱ्याच्या चौकटीत आल्या. आपला चेहरा पडद्यावर असा त्यांनी प्रथमच बघितला. डोळे भिरभिरत होते. या बाईची पिशवी तपासायला हवी, असं कोणालाही वाटलं असतं. "ती माझ्याकडे बघत होती," त्या म्हणाल्या. "भिंतीवरचा उजेड बघा, तुम्हाला दिसेल. मी फटीतून बघायचे, म्हणून ती बघायची."

"पण तुम्ही तिथे का उभ्या होतात?"

"तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून," घारबाई म्हणाल्या. शेजारी भुंग्याने पेनाचं टोपण वाजवणं थांबवलं.

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तिला आत्ता तोंडी विचारते. जे लिहिलंय ते समजावून सांगता आलं, तर परीक्षा ग्राह्य धरू. तुम्ही मात्र बाहेर थांबा."

बाहेर म्हणजे बोळ. घारबाईंनी बोळाकडे बघितलं, पायात चपला सरकवल्या आणि सरळ जिना उतरून रस्त्यावर गेल्या. समोरच्या फुटपाथवर जाऊन घराकडे पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे खिडकीतून पोरीला आपण लांब आहोत हे दिसेल. समोरच्या इमारतीचा वॉचमन त्यांच्याकडे बघू लागला. बसस्टॉप नाही, दुकान नाही, ही बाई इथे कशाला उभी? त्याने स्टूल थोडं पुढे ओढलं. घारबाईंना ते जाणवलं. त्यांनी पदर सारखा केला. पर्स उघडली, बंद केली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वॉचमन उठून उभा राहिला. आपण काही केलेलं नाही हे त्याला कसं दाखवायचं, ते घारबाईंना काही केल्या सुचेना.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"आई, झालं. धरली परीक्षा मॅडमनी." भुंगा वाकून बघत होती. तिचा चेहरा फुलला होता. "तू तिथे काय करतेयस?"

"काही नाही," घारबाई म्हणाल्या.

"बरं. ये वर," भुंगा म्हणाली, आणि आणखी काही न विचारता तिने खिडकी लावून घेतली.