सुजेची गोष्ट

"कापायची न्हाई! सासऱ्यानं लग्नात घातलेली हाय!" पाटसचा ऊसवाला दवाखान्यात असा ओरडला की दौंड स्टेशनातलं इंजिन वरमून गप्प झालं. गांधीलमाशी चावून त्याचं बोट दुधी भोपळ्याएवढं झालेलं. अंगठी रुतून टोक निळं पडत होतं.

कंपाउंडर उठला, तीनशे वर्षं झोप न मिळाल्यासारखा. सुजलेल्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगे. स्वतःची बोटं जुळवून म्हणाला, "ही बारक्या रक्तवाहिनीची भिंत. दाह झाला की हिच्या पेशी अंग आखडतात." त्यानं बोटं आखडून फटी दाखवल्या. "हितनं पाणी झिरपतं, म्हणून सूज. पेशी सैलावल्या की फटी मिटतात."

"मग थांबू की सैलावंस्तवर!"

"तवर बोट थांबंल का?"

साबण झाला, दोरा गुंडाळून झाला. अंगठी हलेना. मग त्यानं जांभई देत विचारलं, "वरात कशातनं काढली व्हती, आप्पा?"

आप्पा वरातीत रंगले, आणि त्यानं अंगठी कापली. शेजारी केसपेपर लिहीत बसलेल्या मला ते पटलं नाही. पण निळं टोक लाल होताना मीच पहिल्यांदा श्वास सोडला.

"आता सासऱ्याला काय सांगू?" आप्पा रडवेले झाले.

कंपाउंडर कटर पुसत होता.

"बोट हाय म्हणावं."