शिक्क्याखाली उत्तर लिहिणाऱ्या केळसकर मॅडम

केळसकर मॅडमनी मला विचारलेला पहिला प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. आमच्या विद्यापीठाच्या ठाणे केंद्रात त्या ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या, तो दिवस. मी पुष्पगुच्छ घेऊन उभा, आणि मॅडम काउंटरवरची अभिप्राय वही चाळत उभ्या. मान वर करून त्या शांतपणे म्हणाल्या, "सकपाळ, 'नोंद घेतली' म्हणजे कुठे घेतली हो?"

कपाळ माझं! वहीत जागोजागी उमटलेला तो शिक्का माझाच होता. वाचकांनी वहीत तक्रार लिहायची आणि मी खाली 'नोंद घेतली' लिहून सही करायची, ही आमची जुनी रीत. लिहून लिहून हात दुखतो म्हणून मी स्टेशनजवळून रबरी शिक्काच करून आणला होता, आणि वर सगळ्यांकडून त्याचं कौतुकही करून घेतलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. वही घेऊन केबिनमध्ये गेल्या आणि दुपारी त्यांनी मला बोलावलं. एकाच अक्षरातल्या चार नोंदींवर त्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या. लिहिणारी प्रज्ञा, शहाडची मुलगी. डोंबिवलीच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून ती आमच्याकडे पीएचडी करत होती. तिला लागणारे संशोधन नियतकालिकांचे जुने खंड घरी न्यायला मिळत नसत, आणि संदर्भ विभाग पाचला बंद होई. त्यात साडेचारनंतर मागणीपत्र घ्यायचं नाही असा नियम. नियम कसला, मीच पाडलेली पद्धत! कारखाना सुटल्यावर ती कितीही धावली तरी पावणेपाचलाच पोहोचायची. नवे अंक संगणकावर होते, पण तेही फक्त केंद्राच्या आवारात उघडत. हे तिने चार वेळा लिहिलं, आणि चारही वेळा मी शिक्का मारला. त्यानंतर ती यायचीच बंद झाली.

मॅडमनी तिचा नंबर शोधून माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. "मॅडम, आता राहू दे ना," पलीकडून आवाज आला. "मी गाईडना पण सांगून आलेय, रजिस्ट्रेशन सोडते म्हणून. संदर्भच बघायला मिळत नाहीत तर लिहू काय?" मॅडमनी फोन माझ्यापुढे सरकवला. "उत्तर तुम्ही द्या. सही तुमची आहे."

 "ताई, तुम्ही उद्या या. उशीर झाला तरी मी थांबतो," एवढंच कसंबसं तोंडून निघालं. फोन ठेवल्यावर मात्र मी कुरकुर केलीच, की घरी जायला उशीर होईल. "राहता कुठे?" मॅडमनी विचारलं. "कळव्याला." "म्हणजे पुढचंच स्टेशन," असं म्हणून त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आली, आणि मी थांबलो.

मग मॅडमनी कामाच्या वेळाच बदलल्या. काहींनी सकाळी यायचं, काहींनी दुपारी बाराला, आणि संदर्भ विभाग संध्याकाळी आठपर्यंत उघडा. वरून मंजुरी मिळवताना त्यांनी अर्जाला प्रज्ञाच्या त्या चार नोंदी जोडल्या, माझ्या शिक्क्यांसकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मंजुरी मिळाली.

घरून अंक वाचायची सोय झाल्याचं संगणक विभागाने कळवलं, तरी मॅडमना पटेना. एका रविवारी मला घेऊन त्या थेट शहाडला प्रज्ञाच्या घरी गेल्या. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता, आणि फोनवर काही केल्या ते पान उघडेना. प्रज्ञाच्या आई दोनदा म्हणाल्या, "चहा निवतोय हो मॅडम." मॅडमचं डोकं फोनमध्ये. "सकपाळ, आपण आपल्या टेबलावर बघून 'झालं' म्हणतो. ही मुलं सगळं फोनवर वाचतात." ते पान फोनवर नीट उघडेपर्यंत त्यांनी संगणक विभागाची पाठ सोडली नाही.

शिक्का तर केव्हाच बाद झाला होता. प्रत्येक नोंदीखाली आता आम्ही हाताने लिहितो: होईल की नाही, का, आणि कोण करणार. नकारसुद्धा स्पष्ट लिहायचा, हा त्यांचा आग्रह. "नाही म्हटलं तर माणूस दुसरीकडे तरी बघतो. त्याला ताटकळत ठेवू नये."

माझ्या पत्नीचं ऑपरेशन झालं, तेव्हा संध्याकाळचा काउंटर मॅडमनी स्वतः सांभाळला. मी संकोचलो, तर म्हणाल्या, "तुम्ही प्रज्ञासाठी थांबलात ना? आता मी थांबते." त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात रडलो, आणि हे इथे लिहायला मला मुळीच लाज वाटत नाही.

प्रज्ञाचा प्रबंध मान्य झाला. मौखिक परीक्षा देऊन ती तडक काउंटरवर आली, जुनी वही मागितली आणि आपल्या चौथ्या शिक्क्याखाली लिहिलं, "काम झालं. डॉ. प्रज्ञा." मॅडम ते वाचून बराच वेळ चष्मा पुसत बसल्या होत्या.

आता मॅडमना साठ पूर्ण होत आहेत, म्हणजे निवृत्ती आलीच. परवा धीर करून मी वहीत लिहिलं, "मॅडमनी इथेच राहावे, ही विनंती. सकपाळ." दुसऱ्या दिवशी खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात उत्तर होतं: "होणार नाही. कारण, साठ सगळ्यांनाच पूर्ण होतात. यापुढची उत्तरे सकपाळ देतील."

देईन मॅडम, जमेल तशी देईन. पण माझी आणखी एक विनंती आहे. तुम्ही ठणठणीत राहा, भरपूर जगा, आणि अधूनमधून संध्याकाळी काउंटरवर येऊन आमची वही तपासत जा. खाली उत्तराला जागा सोडली आहे. तेवढं नुसतं 'नोंद घेतली' लिहू नका.